जुन्या ॲम्प्लिफायरचे कपॅसिटर बदलताय? या चुका टाळा

चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा ॲम्प्लिफायर हातात आला की पहिला सल्ला ठरलेला असतो: सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (चार्ज साठवणारे, आत द्रव असलेले भाग) बदलून टाक. सल्ल्यात तथ्य आहे. इलेक्ट्रोलिटिकच्या आतला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो, क्षमता उतरते आणि अंतर्गत रोध वाढतो. तरीही मला सगळ्यात जास्त छळतात ते सेट, ज्यांचे कपॅसिटर कोणीतरी आधीच सरसकट बदललेले असतात. मूळ बिघाड जागच्या जागी असतो आणि वर दोन-तीन नवे बिघाड चढलेले असतात.

सुरुवातीच्या काळात मीही हेच केलं. डावा चॅनल अधूनमधून गप्प व्हायचा, म्हणून दोन संध्याकाळी बसून तीसेक कपॅसिटर बदलले. चॅनल तसाच गप्प. दोष होता स्पीकर रिलेच्या, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टमध्ये. आवाज वाढवला की चॅनल परत यायचा, आणि ही रिलेची किंवा स्विचची अगदी ओळखीची खूण आहे. तेव्हा मला ती वाचता आली नाही.

आधी सेटचं ऐका

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी पाच मिनिटं नुसतं ऐका. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी गुणगुण तशीच राहिली, तर दोष व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात किंवा पॉवर सप्लायमध्ये आहे. व्हॉल्यूमबरोबर ती कमी-जास्त होत असेल तर मागे, इनपुटच्या बाजूला शोधा. गुणगुणीचा सूरही सांगतो: फुल-वेव्ह रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या भागाच्या) सेटमध्ये हा डीसी सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर थकला की मुख्य पुरवठ्याच्या दुप्पट, म्हणजे 100 किंवा 120 हर्ट्झची गुरगुर येते. 50 किंवा 60 हर्ट्झचा जाड घुमारा बहुधा अर्थिंगचा किंवा केबलच्या शील्डचा असतो, आणि त्यासाठी कितीही कपॅसिटर बदलले तरी तो जात नाही.

व्हॉल्यूमचं बटण खरखरतंय? साफ करून पाहा. साफ करूनही खरखर राहिली, तर पॉटवर (बटणामागच्या बदलत्या रोधकावर) डीसी येतोय का ते मल्टिमीटरने मोजा. आधीचा कपलिंग कपॅसिटर, म्हणजे डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा, डीसी गळू देत असेल तर नवा पॉटही तसाच खरखरेल.

थेट प्लग लावू नका

कित्येक वर्षं बंद असलेला सेट पहिल्यांदा सुरू करताना सिरीजमध्ये 60 किंवा 100 वॅटचा फिलामेंटवाला दिवा जोडा. एलईडीचा इथे उपयोग नाही. दिवा क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. तो लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. दुरुस्तीनंतरही पहिली चाचणी याच दिव्यावर घ्या.

प्लग काढला म्हणजे सेट निर्धोक झाला असं समजू नका. मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, आणि व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) सेटमध्ये तो 300-400 व्होल्टचा, जीवघेणा असतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय मोडा. ट्रान्झिस्टरच्या सेटला 1 किलोओहम, 5 वॅटचा वायरवाउंड रोधक इन्सुलेट केलेल्या क्लिपांनी लावला की 10,000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिनिटाभरात रिकामा होतो. मग मीटरने खात्री करा. मीटरने शून्य दाखवल्याशिवाय हात आत घालू नका.

बोर्डावरच्या छपाईवर विसंबू नका

ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. काही बोर्डांवर अधिक टोकाची खूण असते, काहींवर वर्तुळाचा अर्धा भाग रंगवलेला असतो. तो अर्धा भाग ऋण टोक दाखवतो की धन, हे बनवणाऱ्यागणिक बदलतं. कुठे कुठे तर छपाईच उलटी आढळते. म्हणून जुना कपॅसिटर काढण्याआधी फोटो काढा, त्याची पट्टी पाहा, सर्किटशी ताडून घ्या. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी ऋण टोक दाखवते, टँटलमवरची धन. एक काढा, लगेच एक बसवा. एका विभागाचं काम झालं की सेट चालवून बघा, म्हणजे काही बिघडलं तर शोधायची जागा छोटी राहते.

स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमध्ये) नॉन-पोलर, म्हणजे धन-ऋण टोक नसलेले कपॅसिटर असतात. तिथे साधा इलेक्ट्रोलिटिक चालत नाही.

काय बदलायचं, काय ठेवायचं

व्होल्टेज रेटिंग जास्त घेतलं तर चालतं, क्षमता मात्र मूळचीच ठेवा. फिल्टर कपॅसिटर दुप्पट करण्याचा मोह व्हॉल्व्ह रेक्टिफायरला महागात पडतो: जीझेड34 या रेक्टिफायर व्हॉल्व्हसाठी पहिल्या कपॅसिटरची मर्यादा 60 मायक्रोफॅरड आहे. 85 अंशांऐवजी 105 अंशांचे घ्या. तापमान 10 अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं.

पॉलिस्टायरीन, सिरॅमिक आणि बहुतेक फिल्म कपॅसिटरना हात लावू नका, ते अजून वर्षानुवर्षं टिकतील. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतले मेणकागदी कपॅसिटर मात्र हमखास गळतात. मेनवरचे, म्हणजे थेट घरच्या वीजपुरवठ्यावर जोडलेले धातुलेपित कागदाचे कपॅसिटरही बदलाच. त्यांच्या पारदर्शक आवरणाला बारीक तडे जातात, ओल आत शिरते आणि एक दिवस धूर निघतो. त्यांच्या जागी फक्त एक्स किंवा वाय वर्गाचाच सुरक्षा कपॅसिटर बसवा.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच जपानी सेटमध्ये कपॅसिटरच्या पायाशी तपकिरी, ठिसूळ झालेला गोंद दिसतो. लोकांना वाटतं कपॅसिटर गळला. तो कारखान्यातला चिकटवणारा गोंद असतो, जुना झाला की तो वीज वाहू लागतो आणि शेजारच्या डायोडचे पाय खातो. एकदा मी एक डायोड चिमट्याने हलवला, तर त्याचा हिरवट पडलेला पाय चिमट्यातच तुटून आला. हा गोंद खरवडून पूर्ण काढा.

ट्रान्झिस्टर आणि बायस

बदली ट्रान्झिस्टर नुसता नंबर जुळवून घालू नका. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी547 चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात, तर 2एससी1815 चे एमिटर, कलेक्टर, बेस. आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये नकली माल फार आहे, खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

बायस म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सिग्नल नसतानाही वाहणारा थोडासा प्रवाह. तो जुळवणारा छोटा बदलता रोधक, म्हणजे बायस प्रीसेट, बदललात तर तो आधी सर्वात कमी बायसवर आणा, मगच सेट सुरू करा. एमिटर रोधकावर व्होल्टेज मोजा: 0.47 ओहमवर 10 मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे 21 मिलिॲम्पिअर. किती हवं ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. सेट पंधरा मिनिटं तापू द्या आणि परत जुळवा. झाकण लावून अर्ध्या तासाने स्पीकर टर्मिनलवरचा डीसी पाहा, 50 मिलिव्होल्टच्या आत असला तर स्पीकर जोडा. पहिल्या दिवशी तरी चांगली जोडी कपाटातच राहू द्या आणि साधा, गेला तरी चालेल असा स्पीकर लावा.