घरच्या लागरसाठी माल्ट कसा निवडावा आणि धान्याचं माप कसं बसवावं

लागर म्हणजे थंड तापमानाला आंबवलेली बिअर. तिची रेसिपी हाती आली की बहुतेकांचं लक्ष आधी किलोंकडे जातं. अमुक किलो पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू), तमुक ग्रॅम म्युनिक माल्ट, की लागले तोलायला. पण ते किलो रेसिपी लिहिणाऱ्याच्या भांड्याचे आणि त्याच्या भरडीचे असतात. टक्के आणि ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रावाची घनता, म्हणजे त्यात साखर किती) मात्र कुठल्याही स्वयंपाकघरात लागू पडतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बिअरचा प्रकार, मग माल्टचे टक्के, मग मूळ (आंबायच्या आधीची) ग्रॅव्हिटी, मग आपल्या भांड्यांचा उतारा (धान्यातली किती साखर प्रत्यक्षात निघते), आणि किलो सगळ्यात शेवटी.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. हा लेख जिथे मुभा आहे तिथल्या मराठी घरांसाठी आहे. अमेरिकेत १९७८ च्या फेडरल कायद्याने ती मिळाली: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, आणि तेही फक्त घरच्या वापरासाठी.

उदाहरणाला म्युनिकची हेलेस घेऊ. प्ल्झेन शहरात १८४२ मध्ये फिकट सोनेरी लागर तयार झाली आणि तिने बाजार काबीज केला. म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीने १८९४ मध्ये तिला दिलेलं उत्तर म्हणजे हेलेस. रंग फिकटच, पण कडूपणा कमी आणि माल्टची गोडसर चव पुढे. माल्ट समजून घ्यायला याहून चांगली बिअर मला माहीत नाही, कारण हिच्यात चूक झाकण्याइतके हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) नसतात आणि भाजका माल्टही नसतो.

पायरी १: माल्ट निवडा, आणि कमीच निवडा

पाया पिल्सनर माल्टचा. हा सातू मोड आणून अगदी हलक्या आचेवर, साधारण ८० ते ८५ अंशांवर वाळवलेला असतो. त्यामुळे रंग फिकट राहतो आणि स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स भरपूर शिल्लक असतात. म्युनिक माल्ट १०० अंशांच्या आसपास वाळवतात. त्याला रंग आणि खरपूस चव येते, एन्झाइम्स कमी होतात, पण स्वतःपुरती उरतात. कॅराहेलसारख्या कॅरॅमल माल्टमध्ये एन्झाइम्स नसतातच. तो थोडा अंगभरपणा आणि फेस यांच्यासाठी, चिमूटभर.

हेलेससाठी माझं प्रमाण: पिल्सनर ९२ टक्के, म्युनिक ६, कॅराहेल २. यात आणखी तीन-चार प्रकार घालायचा मोह होतो. घालू नका. कॅरॅमल माल्ट ५ टक्क्यांच्या पुढे गेला की हेलेस जड होते, आणि दुसरा ग्लास नकोसा वाटतो.

विकत घेताना दाणे तोंडात टाकून बघा. चांगला पिल्सनर माल्ट दाताखाली कुरकुरीत फुटतो आणि लगेच गोड लागतो. मऊ, चिवट लागला तर त्याला दमट हवा लागलेली आहे. तो सोडून द्या. म्युनिक चावला की भाजलेल्या पावाच्या कडेची चव येते. दोन्ही दाणे एकामागून एक चावले की ६ टक्के का पुरतात ते जिभेलाच कळतं.

अमेरिकन धाटणीची हलकी लागर हवी असेल तर २० ते ३० टक्के धान्य तांदूळ किंवा मका असू शकतं. कच्चा तांदूळ मात्र थेट मॅशमध्ये (भरडलेला माल्ट गरम पाण्यात मुरवतात त्यात) चालत नाही. त्याचा स्टार्च मॅशच्या तापमानाला नीट खुलत नाही, म्हणून तो आधी मऊ शिजवावा लागतो. पोहे याला अपवाद: भात भिजवून, भाजून, कांडून केलेले असल्याने ते भरडलेल्या माल्टबरोबर सरळ टाकता येतात. भारतीय वाणसामानाच्या दुकानातले साधे जाड पोहे घ्या.

पायरी २: ग्रॅव्हिटीचे गुण काढा

मूळ ग्रॅव्हिटी १.०४८ हवी असेल तर दशांशचिन्हानंतरचे ४८ हे गुण. २० लिटरसाठी ४८ गुणिले २०, म्हणजे ९६० गुण वर्टमध्ये (मॅशमधून गाळलेल्या गोड पाण्यात) उतरायला हवेत.

वरच्या मिश्रणातला एक किलो माल्ट, त्यातली सगळी साखर निघाली तर, एक लिटरमध्ये सुमारे ३०५ गुण देतो. पण सगळी कधीच निघत नाही.

पायरी ३: आपला उतारा ओळखा

साखर कारखान्यात उसाचा उतारा काढतात तसाच हा आपल्या भांड्यांचा उतारा. पहिल्या खेपेला ७० टक्के धरा. ९६० भागिले ०.७० म्हणजे १३७१. त्याला ३०५ ने भागलं की साडेचार किलो. आता टक्के लावा: पिल्सनर ४.१४ किलो, म्युनिक २७० ग्रॅम, कॅराहेल ९० ग्रॅम.

खरा आकडा त्या दिवशी फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) कळतो. समजा २० लिटर वर्ट मिळाला, पण ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर १.०४४ दाखवतोय. मिळालेले गुण ८८०. शक्य होते ४.५ गुणिले ३०५, म्हणजे १३७२. उतारा ६४ टक्के. पुढच्या वेळी ९६० ला ०.६४ ने भागा, उत्तर येईल ४.९ किलो. हायड्रोमीटर वाचताना वर्ट २० अंशांपर्यंत थंड केलेला असावा. गरम वर्टची ग्रॅव्हिटी कमी दिसते आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

उतारा सतत ६० च्या खाली राहत असेल तर आधी भरड बघा. मूठभर भरडलेला माल्ट तळहातावर पसरा. टरफलं बरीचशी अखंड पण रिकामी दिसायला हवीत, आतला पांढरा गर रव्यासारखा मोकळा. अख्खे दाणे दिसत असतील तर दुकानदाराला पुन्हा एकदा भरडून मागा. फार बारीक पीठ झालं तर मॅश तुंबतो.

दुसरं कारण मॅशच्या आंबटपणाचं. इतक्या फिकट माल्टमुळे मॅशचा पीएच वर राहतो. तो ५.२ ते ५.४ हवा. जर्मन ब्रुअर त्यासाठी आम्ल माल्ट वापरतात. धान्याच्या १ टक्का आम्ल माल्टने पीएच साधारण ०.१ ने उतरतो, म्हणजे साडेचार किलोंना ४५ ग्रॅम.

पायरी ४: माप वाढवा किंवा घटवा

इथे बहुतेकजण अडखळतात, कारण निम्म्या बिअरला निम्मं धान्य असं वाटतं. टक्के तेच राहतात, पण नुकसान निम्मं होत नाही. पातेल्याच्या तळाशी गाळात दोन लिटर वर्ट जात असेल, तर २० लिटरच्या खेपेत तो २२ पैकी २ असतो आणि १० लिटरच्या खेपेत १२ पैकी २. ७० टक्क्यांचा उतारा अशाने ६४ वर येतो. म्हणून १० लिटरला सव्वादोन किलो पुरत नाही, सुमारे २.४६ किलो लागतं. उलट ४० लिटरला, गाळ तेवढाच राहिला तर, ९ किलोंऐवजी ८.६ पुरतं.

वाफेचंही तसंच. ती पातेल्याच्या तोंडाच्या रुंदीवर आणि आचेवर ठरते, आत वर्ट किती आहे यावर नाही. तासाला ४ लिटर उडत असतील तर दीड तासात ६ उडतील, मग खेप १० लिटरची असो वा २० ची. उकळायला घेताना २० लिटरसाठी २८ लिटर हवेत आणि १० साठी १८. दीड तास मुद्दाम सांगतोय: पिल्सनर माल्टमधून उकडलेल्या मक्याचा वास देणारा डायमिथाइल सल्फाइड तयार होतो, आणि तो वाफेबरोबर निघून जावा लागतो. झाकण ठेवू नका.

यीस्ट मात्र खेपेच्या प्रमाणातच वाढवा. लागर १० अंशांच्या आसपास आंबते, म्हणून तिला एलच्या (जास्त तापमानाला आंबणाऱ्या बिअरच्या) साधारण दुप्पट यीस्ट लागतं.

इतकं करूनही ग्रॅव्हिटी कमी भरली तर कोरडा फिकट माल्ट एक्स्ट्रॅक्ट (वाळवलेल्या वर्टची पूड) जवळ असू द्या. २० लिटर १.०४४ वरून १.०४८ वर न्यायला सुमारे २२० ग्रॅम लागतो. उकळी संपायच्या दहा मिनिटं आधी आच बंद करून तो ढवळत मिसळा आणि मग पुन्हा उकळी आणा. चालू आचेवर टाकलात तर फेस उतू जातो.