गुडघ्याच्या फ्रॅक्चरनंतर: या चुका टाळा

मी फिजिओथेरपिस्ट. गुडघ्याचं फ्रॅक्चर झालेले जे पेशंट माझ्याकडे व्यायामाला येतात, त्यांचं नुकसान बहुतेक वेळा दोनच गोष्टींनी झालेलं असतं. एकतर दुखायचं थांबलं म्हणून ते वेळेआधी चालायला लागलेले असतात, नाहीतर भीतीपोटी महिनोन्‌महिने पाय हलवलेलाच नसतो. दोन्ही टाळता येण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुखत नाही म्हणून वजन टाकणं

आधी आपलं नेमकं कोणतं हाड मोडलंय ते डॉक्टरांकडून समजून घ्या. गुडघ्याची वाटी फुटली असेल तर ब्रेसमध्ये, म्हणजे गुडघा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यात, पाय सरळ ठेवून लवकर टेकवायला बऱ्याचदा परवानगी मिळते. पण नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग, ज्यावर मांडीचं हाड टेकतं, तो मोडला असेल तर साधारण ६ ते १२ आठवडे त्या पायावर पूर्ण वजन टाकायचं नसतं. शेजारचे काका दुसऱ्या आठवड्यात चालत होते, मग मी का नाही, असं विचारणाऱ्यांनी त्या काकांचं कोणतं हाड मोडलं होतं ते आधी विचारावं.

रावेरकडचे एक केळीवाले भाऊ होते. मोटारसायकल घसरून नडगीचा हाच भाग मोडला, ऑपरेशन झालं, प्लेट बसली. महिनाभरात सूज उतरली, दुखणंही गेलं. नेमकी तेव्हाच बागेत कापणी आली. घरचे नको म्हणत असताना ‘चाली जाई, काही व्हत नही’ म्हणून वॉकर ओसरीवर ठेवला आणि ओल्या सरीतून बागभर फिरले. दोन-चार दिवस खरंच काही झालं नाही. मग पाय पुन्हा सुजला. एक्स-रे काढला तर सांध्याचा पृष्ठभाग खचलेला, स्क्रू सरकलेले आणि गुडघा आत झुकलेला. दुसरं ऑपरेशन करावं लागलं. त्या कापणीसाठी केलेल्या घाईत पुढचा हंगामही हातचा गेला.

सूज ओसरली की दुखणं कमी होतं, हाड मात्र तोवर जुळलेलं नसतं. निसवलेल्या केळीला आपण बांबूचा टेकू देतो, त्या टेकूवर कोणी चढून बसत नाही. प्लेटचंही तसंच आहे. हाड जुळेपर्यंत तुकडे जागेवर धरायचे, एवढंच तिचं काम.

माझी एक सवय आहे. ‘वजन किती, कधीपर्यंत’ हे डॉक्टरांना विचारून फाइलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो. ‘थोडं वजन टाका’ असं सांगितलं असेल तर पेशंटला वजनकाट्यावर तो पाय ठेवायला लावतो. दहा किलो म्हणजे किती, हे पायाला कळलं की पुढे सांगावं लागत नाही.

गुडघ्याखाली उशी

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती घरचे प्रेमाने करतात. सुजलेल्या गुडघ्याला थोडं वाकून राहायला बरं वाटतं, म्हणून खाली उशी येते आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहते. मग हाड जुळतं, पण पाय सरळ होत नाही आणि माणूस लंगडतच चालतो. उशी काढा. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्याच स्थितीत मांडी कडक करून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. फार साधा व्यायाम वाटतो म्हणून लोक तो सोडून देतात आणि यूट्यूबवर अवघड व्यायाम शोधतात.

‘वजन टाकू नका’ म्हणजे ‘हलवू नका’ असं समजणं

चालायला गुडघा साधारण ६० अंश वाकावा लागतो, खुर्चीतून उठायला ९० च्या आसपास, उकिडवं बसायला १२० च्या वर. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत रोज वाकवला नाही तर सांधा आखडतो.

अमळनेरकडच्या एक मावशी वाटीच्या ऑपरेशननंतर घाबरून पाय लांबच करून बसायच्या. श्रावण आला. कानबाई देवीच्या पूजेला खाली बसता यावं म्हणून घरच्यांनी मालिशवाल्याला बोलावलं. त्याने तेल लावून जोर करून गुडघा वाकवला. दुसऱ्या दिवशी गुडघा गरम, टम्म फुगलेला, आणि होतं तेवढं वाकणंही गेलं. असा जोर केला की आत रक्तस्राव होतो, स्नायूत नको तिथे हाड तयार होऊ शकतं, वाटी जोडायला बसवलेली तारही तुटू शकते. मालिशवाल्याला या गुडघ्याला हात लावू देऊ नका.

बाकीचं थोडक्यात. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पहिले काही दिवस गरम पिशवी नको, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. विडी-सिगारेटने हाड उशिरा जुळतं. तंबाखू आणि मिश्रीही बंद करा. आपल्याकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात ब्रेसखाली घामोळं येतं, म्हणून आत सुती मोजा घाला आणि खाली घसरलेला ब्रेस पुन्हा जागेवर बांधा. संडासासाठी कमोडची खुर्ची दवाखान्यातून घरी येण्याआधीच आणून ठेवा.

पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला किंवा छातीत दुखलं, ताप आला किंवा टाक्यांतून पाणी-पू आलं, तर माझ्याकडे किंवा कोणाही फिजिओकडे न जाता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि वाकवायला परवानगी मिळून सहा आठवडे झाले तरी गुडघा ९० पर्यंत येत नसेल तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. लवकर गेलात तर उपाय सोपे असतात, वर्षाने गेलात तर फार थोडे उरतात.