पार्वोच्या जनुकांवर पीजी करायचं ठरवलंय?

व्हेटर्नरी मायक्रोबायोलॉजीच्या दर बॅचमध्ये कुणी ना कुणी कुत्र्यांचा पार्वो, म्हणजे पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणारा विषाणू, थिसिससाठी घेतंच. नमुन्यांना तोटा नाही, विषाणू डीएनएचा असल्यामुळे आरएनएसारखा चटकन नासत नाही आणि प्रायमर (हवा तो जनुकाचा तुकडा हेरणारे डीएनएचे छोटे धागे) बहुधा गाईडच्या फ्रीजरमध्ये आधीपासून पडलेले असतात. एमव्हीएससीच्या (पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दोन वर्षांत बसणारा विषय आहे. पण ‘लशीला न जुमानणारा नवा स्ट्रेन सापडेल’ अशा आशेनं येत असाल, तर आधी लशीचं कार्ड वाचायला शिका.

थोडी पार्श्वभूमी. हा विषाणू १९७८ मध्ये जगभर पसरला. काही वर्षांतच मूळ टाइप २ मागे पडला आणि २ए, मग २बी आला. २००० साली इटलीत २सी सापडला. हे तिघे ओळखायचे ते व्हीपी२ या कवचाच्या प्रथिनातल्या ४२६ व्या जागेवरच्या अमिनो ॲसिडवरून: २एमध्ये तिथं ॲस्परजिन, २बीत ॲस्पार्टिक ॲसिड, २सीत ग्लुटॅमिक ॲसिड. भारतात बराच काळ २एचं राज्य होतं, अलीकडे २सी वाढताना दिसतोय. डीएनए विषाणू असूनही हा बदलतो मात्र आरएनए विषाणूंच्या वेगानं. लक्ष ठेवायचं ते म्हणूनच.

आता ओपीडी. रक्ताचे जुलाब, उलट्या, मलूल पडलेलं पिल्लू. ‘लस झालीय का?’ विचारलं की मालक सांगतात, ‘हो डॉक्टर, सगळ्या झाल्यात.’ कार्ड उघडलं की ४५ दिवसांची एक लस असते आणि बूस्टरचा रकाना कोरा. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाच्या अंगात असेपर्यंत ती लशीतल्या विषाणूलाही निकामी करतात. म्हणून तर शेवटचा डोस १६ आठवड्यांनंतर द्या, असं सांगतात. ‘लस देऊनही पार्वो’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा या तारखांमध्ये असतं, जनुकात नव्हे. तेव्हा स्वॅब घेतानाच वय, प्रत्येक डोसची तारीख, लशीचं नाव, बॅच नंबर आणि पिल्लू कुठून आणलं ते लिहून घ्या. नंतर फोन करून विचारू म्हणालात, तर निम्मे मालक फोन उचलत नाहीत. ज्यांचं पिल्लू दगावलं, त्यांना विचारणंही जिवावर येतं.

लशीच्या तारखेचं आणखी एक काम आहे. लशीतला जिवंत विषाणू काही दिवस, कधी काही आठवडे विष्ठेतून बाहेर पडतो आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणारं तंत्र, त्यालाही पकडतं. इथं प्रायमरची निवड महत्त्वाची. ५८३ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा देणारी ‘५५५’ ही प्रायमरची जोडी लोकप्रिय आहे. स्वस्त पडते, आणि ठरावीक क्रम दिसला की डीएनए कापणाऱ्या एमबीओ-टू एन्झाइमनं तुकडा कापला गेला की २सी, इतकं सोपं. पण तो तुकडा ४२६ च्या जरा आधी सुरू होतो. मूळ टाइप २ मध्येही ४२६ ला ॲस्परजिनच आहे आणि अजूनही काही लशी त्याच टाइपच्या आहेत. म्हणजे लशीचा विषाणू तुमच्या तक्त्यात निमूटपणे २ए म्हणून बसेल. दोघांतला फरक ८७, ३०० आणि ३०५ या जागांवर दिसतो. बजेट असेल तर व्हीपी२ पूर्ण वाचा, १७५५ बेस. नसेल तर नमुने कमी करा, पण या जागा सोडू नका.

प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त छळते ती विष्ठा. पित्तक्षार आणि रक्त पीसीआर अडवतात. स्वॅब उकळून काढलेला डीएनए चालतो, पण बँड (डीएनए वाढल्याची जेलवरची पट्टी) आला नाही म्हणून लगेच निगेटिव्ह लिहू नका; दहापट पातळ करून पुन्हा लावा. पॉझिटिव्ह कंट्रोल (विषाणू नक्की असलेला तुलनेचा नमुना) म्हणून सगळीकडे लशीचीच बाटली वापरतात. ती वेगळ्या जागी, वेगळ्या पिपेटनं उघडा. एखाद्या नमुन्याचा सिक्वेन्स (डीएनएच्या अक्षरांचा क्रम) लशीशी तंतोतंत जुळला, तर कुत्र्याआधी आपल्या टेबलावर संशय घ्यावा.

सिक्वेन्सिंग बाहेरून होऊन येतं. फक्त अक्षरांची फाइल पाहून समाधान मानू नका, क्रोमॅटोग्राम (प्रत्येक अक्षरामागचा शिखरांचा आलेख) उघडा. ४२६ वर एकावर एक दोन शिखरं दिसली, तर ते मिश्र संसर्गाचं लक्षण असू शकतं किंवा निव्वळ खराब रीडिंगचं. उलट्या दिशेनं वाचल्याशिवाय ठरवू नये. मांजरांचे नमुने घेणार असाल तर पॅनल्युकोपेनिया (पार्वोच्याच कुळातल्या विषाणूनं मांजरांना होणारा आजार) गृहीत धरू नका. २ए, २बी, २सी हे तिन्ही मांजरांना होतात, तिथं ९३ आणि ३२३ या जागा बघायच्या.

वंशवृक्ष काढणं एका दुपारचं काम आहे, त्याचं फार कौतुक नको. व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारतात ते वेगळंच: ‘शहरातल्या पार्वोबद्दल बोलताय, मग रस्त्यावरची कुत्री कुठं आहेत?’ दवाखान्यात येतात ती पाळलेली, मालकाला खर्च परवडणारी कुत्री. निष्कर्ष तेवढ्यापुरताच लिहा आणि जमलं तर प्राणी निवाऱ्यांमधून थोडे स्वॅब मिळवा.

सिक्वेन्स जेनबँकेत (सगळ्यांना खुल्या असलेल्या साठ्यात) टाकताना नमुन्याची तारीख, ठिकाण आणि यजमान हे रकाने भरा. लसीकरणाचा तपशील नोंदीत जोडता येतो, तोही जोडा. थिसिस बाइंडिंगला द्यायच्या बरंच आधी हे उरका. फाइलमध्ये चूक निघाली की ती परत येते, आणि ॲक्सेशन नंबर (जेनबँकेचा नोंद क्रमांक) हातात असल्याशिवाय बरेच गाईड सही करत नाहीत.