फवारणीचा मोठा ड्रोन घेताय? या चुका टाळा

"दहा लिटरवाला काढून सोळा लिटरवाला घेतोय, कसा राहील?" हंगाम जवळ आला की असे फोन सुरू होतात. विचारणाऱ्याला टाकी, रडार, पट्ट्याची रुंदी सगळं तोंडपाठ असतं. "चार्ज कशावर करणार?" म्हटलं की पलीकडे शांतता.

आधी माझीच चूक सांगतो. "एकच हंगाम वापरलाय" म्हणून मी एक नव्या मॉडेलचा ड्रोन घेतला. जुना मालक उसाच्या पट्ट्यात काम करायचा. मशीन चकाचक, पंखे नवे, बॅटऱ्या ठणठणीत. टाकीत दोनदा साधं पाणी फिरवलं आणि दुसऱ्याच दिवशी गेवराईकडे सहा एकर कपाशीवर कीटकनाशक मारून आलो. आठव्या दिवशी शेतकऱ्याचा फोन. "भाऊ, मी तर कपाशी लावली होती. ही भेंडी कुठून उगवली?"

जाऊन बघतो तर शेंड्याची पानं चिंचोळी, बोटांसारखी चिरलेली, हुबेहूब भेंडीची. 2,4-डी. उसातल्या रुंद पानांच्या तणांवर मारतात तेच. कपाशी, द्राक्ष, टोमॅटो यांना त्याचा नुसता अंशही बाधतो. टाकी स्वच्छच होती. औषध दडलं होतं नळ्यांत, गाळणीत आणि नोझलच्या वायसरांत. फवारणीचे पैसे सोडले, वर भरपाई दिली, आणि त्या गावातून त्या हंगामात पुन्हा बोलावणं आलं नाही.

तेव्हापासून वापरलेलं मशीन घरी आलं की नळ्या, गाळण्या, वायसर सरळ बदलतो. टाकीत धुण्याच्या सोड्याचं पाणी रात्रभर ठेवतो, सकाळी ते पंपातून काढून तीनदा साध्या पाण्याने धुतो. मग टाकीत पुन्हा पाणी भरून ते टोमॅटोच्या चार रोपांवर मारतो आणि आठवडाभर बघत बसतो. शेंडा मुरडला की पुन्हा पहिल्यापासून. "हंगाम चालू असताना आठवडा कुठून आणायचा?" असं विचारणाऱ्यांना मी गेवराईचे फोटो पाठवतो. आणि माझ्या मशीनमधून तणनाशक जात नाही. गिऱ्हाईक रागावलं तर रागावो.

आता चार्जिंग. 14 सेलची, 30,000 एमएएचची बॅटरी म्हणजे 51.8 व्होल्ट गुणिले 30, साधारण 1,550 वॅट-तास. ती वीस मिनिटांत भरायची तर साडेचार हजार वॅटच्या वर लागतात, चार्जरची घट वेगळीच. जुना 3 केव्हीएचा जनरेटर तिथेच धाप टाकतो. मग लाखोंचा ड्रोन लिंबाच्या सावलीत बसून राहतो, शेतकरी बांधावरून घड्याळ बघतो, आणि पोरगं घाईघाईत उतरलेली गरम बॅटरी तशीच चार्जरला लावतं. फुगलेल्या बॅटऱ्या बघायला मिळतात त्या अशाच घाईतून. माझ्याकडे नियम साधा: हाताला गार लागल्याशिवाय चार्जर नाही. त्यासाठी दोन बॅटऱ्या जास्तीच्या घ्याव्या लागतात. ड्रोनची किंमत काढताना त्या आणि जनरेटर धरूनच काढा.

कागदांचं म्हणाल तर बहुतेकजण वजनात फसतात. ड्रोन नियम 2021 मध्ये वर्ग ठरतो तो भरलेल्या टाकीसकट एकूण वजनावर. 25 किलोपर्यंत स्मॉल, त्यापुढे 150 पर्यंत मीडियम. दहा लिटरवाले 25 च्या आतच बसवलेले असतात ते उगीच नाही. मोठी टाकी घेतली आणि काटा पुढे गेला, तर तुमचं स्मॉलचं पायलट सर्टिफिकेट चालत नाही. मशीन घेण्याआधी प्रशिक्षणाचं बघा. विम्यावर नव्या मशीनचा नंबर चढवा. वापरलेला घेत असाल तर यूआयएन, म्हणजे ड्रोनचा सरकारी नोंदणी क्रमांक, तुमच्या नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि कुणी बाहेरून बॅगेत आणलेला स्वस्तातला दाखवत असेल तर चहा पिऊन उठा. फेब्रुवारी 2022 पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे.

नव्या मशीनच्या फिरत्या चकतीच्या नोझलला जुन्या मशीनची सेटिंग चालत नाही. थेंब बारीक केला की दुपारच्या वाऱ्याने औषध शेजाऱ्याच्या रानात जातं. साधं पाणी भरून एक मिनिट मापाच्या बादलीत सोडा, स्क्रीनवरचा आकडा जुळतो का बघा.

परतीची उंची, म्हणजे ड्रोन आपोआप माघारी येताना ज्या उंचीवरून येतो ती, नव्या मशीनमध्ये कंपनीने ठेवलेलीच असते. आपल्या शिवारातल्या तारा तिला माहीत नसतात.

सॉफ्टवेअर अपडेट बांधावर, एका कांडीच्या नेटवर करू नका. घरी करा.

जुना ड्रोन लगेच विकायची घाई तर मला कळतच नाही. माझा दहा लिटरवाला अजून गोठ्याशेजारी टांगलेला आहे. मागच्या श्रावणात नव्याचा पंप बसला, तेव्हा राहिलेले अकरा एकर त्यानेच मारले.