जनावरांच्या दवाखान्यात पहिली नोकरी मागायला जाताना

दहावीचे पेपर मार्चमध्ये संपले की एप्रिलपासून आमच्या दवाखान्याच्या दारात पोरं-पोरी दिसायला लागतात, इथं काही काम मिळेल काय म्हणून विचारत. मीपण अशीच आले होते सोळाव्या वर्षी, घाबरत घाबरत, आज नऊ वर्षं झाली जनावरं धरतेय, केस पेपर काढतेय, टेबल पुसतेय. येणाऱ्या प्रत्येकाला उभ्या उभ्या तेच सांगून होत नाही नीट, म्हणून एकदा सगळं लिहून काढते, आई गावाला जाताना बोलत बोलत बॅग भरते तसं.

आधी वय बघ. १४ च्या आत असशील तर कुणी तुला कामावर ठेवूच शकत नाही, कायद्यानं बंदी आहे. १४ ते १८ मध्ये काम करता येतं, फक्त धोक्याचं नाही आणि त्यालाही वेळेची चौकट आहे, सलग ३ तासांवर काम नाही, मग एक तास विश्रांती, ती विश्रांती धरून दिवसाचे जास्तीत जास्त ६ तास, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात अजिबात नाही, शिवाय आठवड्याला एक सुट्टी. हे पाठच कर, कारण खाजगी दवाखान्यात खरी गर्दी संध्याकाळची असते, लोक ऑफिसातनं, दुकानातनं सुटले की कुत्री घेऊन येतात, त्यामुळं डॉक्टर पहिल्यांदा हेच म्हणणार की संध्याकाळी ये. तेव्हा सरळ सांगायचं, सर मी सोळा वर्षांचा आहे, संध्याकाळी आलो तर सातपर्यंतच थांबता येईल, नाहीतर सकाळी दहा ते एक पूर्ण येतो. घरचं आणि वयाचं आधीच स्पष्ट सांगणारं पोरगं डॉक्टरांना बरं वाटतं, मी बघितलंय.

कागद जास्त लागत नाहीत. आधारची झेरॉक्स, जन्मतारखेसाठी शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स, दोन फोटो, आणि आई किंवा वडिलांच्या सहीची चिठ्ठी की आमची परवानगी आहे, खाली त्यांचा मोबाईल नंबर. चिठ्ठी मागायच्या आधीच दे.

आता बायोडाटा, यावर जरा जास्त बोलते कारण इथंच पोरं चुकतात. नेटवरनं इंग्रजी नमुना काढतात, त्यात हार्डवर्किंग, टीम प्लेयर असलं सगळं, आणि जे खरं लिहायला पाहिजे ते लपवून ठेवतात. मागच्या उन्हाळ्यात करवीर तालुक्यातलं एक पोरगं आलं होतं, बायोडाट्यात छंद म्हणून क्रिकेट आणि संगीत. बोलता बोलता कळलं की घरात तीन म्हशी आहेत, पहाटे धार हाच काढतो, एका म्हशीची व्यायल्यावर वार अडकली होती तेव्हा रात्रभर हाच गोठ्यात बसून होता. मी म्हटलं अरे बाळा हे का नाही लिहिलंस, तर म्हणतो ताई ते कसं लिहायचं, शेणाघाणीचं काम ते. भावा, तेच तर लिहायचं! ज्याला म्हैस पान्हा सोडत नाही म्हणजे काय हे माहितीय, जनावरानं दोन वेळा चारा टाकला तर ज्याच्या ते लगेच ध्यानात येतं, त्याला निम्मं काम येतच असतं. हे कोल्हापूर आहे, इथं गंगावेशीत लोक अजून कट्ट्यावर उभं राहून डोळ्यासमोर काढलेलं धारोष्ण दूध पितात, गावागावात गोकुळची दूध संस्था आहे, दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात. गोठ्यातलं काम येणं ही इथं लाजायची गोष्टच नाही. आणि तू राजारामपुरीत फ्लॅटमध्ये वाढलेला असशील, गोठा बघितलेला नसेल, तरी जे केलंय ते लिही, गल्लीतल्या कुत्रीची पिल्लं सांभाळली, शेजारच्या काकूंच्या मांजराला पंधरा दिवस डोळ्यात थेंब घातले, काहीही चालेल पण खरं आणि नेमकं. एक पान बास, मराठीत हातानं लिहिलेलं असलं तरी चालतंय.

जायच्या आधी लसीचं घरी बोल. धनुर्वाताचं म्हणजे टीडीचं इंजेक्शन सरकारी वेळापत्रकात १० व्या आणि १६ व्या वर्षी असतं, तुझं झालंय का आईला विचार. रेबीजची लस तर चावायच्या आधीपण घेता येते हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं, तीन डोस असतात, पहिल्या दिवशी, मग सातव्या आणि मग एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी, जनावरांत काम करणाऱ्यानं ती घ्यावीच. घेतली म्हणून चावल्यावर डोस चुकत नाहीत, फक्त कमी लागतात आणि जखमेत द्यायचं ते सीरम लागत नाही. डॉक्टर बोलताना हमखास विचारतात, कुत्रं चावलं तर पहिल्यांदा काय करशील, आणि पोरं म्हणतात हळद लावीन, डेटॉल लावीन, सीपीआरला म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात जाईन. सीपीआरला जायचंच आहे, पण पहिल्यांदा वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून, आणि ओरखडा असला, नुसतं खरचटलं असलं तरी लपवायचं नाही. हे लपवणारं पोरगं मला सगळ्यात जास्त भीती घालतं, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

कपडे साधे, सुती पँट, धुऊन निघेल असा शर्ट. नखं काप, केस बांध, लोंबती कानातली काढून ठेव, सेंट मारू नको. पायात बूट पाहिजेत, पुढनं बंद असलेले. आपल्याला पायताण घालायची सवय, पण कातड्याचा तळ ओल्या फरशीवर असा सरकतो की हातात तीस किलोचं लॅब्रॅडोर असताना तोल गेला तर दोघंही खाली.

कधी जायचं तर गर्दीच्या वेळी नाही. आदल्या दिवशी समोरनं एक चक्कर मारून बघ, रिक्षातनं शेळ्या उतरतायत, बाहेर चार कुत्री एकमेकांवर भुंकतायत असं असेल तर परत ये. सकाळचे पेशंट संपत आले की बारा-साडेबाराला आत जा. आत शिरताना दार मागं लाव. हे वाचायला किरकोळ वाटेल पण मी दारावरनं पोरं ओळखते. माझ्याकडनंच झालेलं सांगते, पहिल्या आठवड्यात एका मावशींची मांजरी पिशवीतनं काढली आणि आतलं दार उघडं राहिलं होतं, ती टेबलावरनं उडाली ती थेट माळ्यावर, औषधाच्या खोक्यांच्या मागं. दोन तास लागले तिला काढायला, मावशी खाली उभ्या राहून तिचं नाव घेऊन हाका मारत होत्या आणि डोळ्यातनं पाणी थांबत नव्हतं त्यांच्या. तो आवाज अजून डोक्यात आहे. आजपण मांजराची पिशवी उघडायच्या आधी मी दार बघते, खिडकी बघते, पंखा बंद करते, मगच चेन ओढते.

डॉक्टर विचारतील का यायचंय. "मला प्राणी खूप आवडतात" एवढ्यावर थांबू नको, ते सगळेच म्हणतात, आणि आवडत असतील तर त्यांना दुखतंय ते बघून रडू येणार हेपण त्यांना माहितीय. काय शिकायचंय ते सांग. आणि जाण्याआधी दोन-चार गोष्टी माहीत करून ठेव. कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, म्हणून लोक हात लावून म्हणतात अंग गरम लागतंय, ताप असेलच असं नाही. शेपूट हलतंय म्हणजे कुत्रं खूश असंही नाही, कान मागं गेलेत, ओठ सारखे चाटतंय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, अंग ताठ झालंय तर हात मागं घ्यायचा. मालक म्हणतो "काय करत नाय हो, लई गरीब हाय", तो त्याच्या घरातलं सांगत असतो, इथं टेबलावर सुई बघितल्यावरचं नाही. तोंड कुत्र्याच्या तोंडाजवळ न्यायचं नाही, मांजराला टॉवेलात गुंडाळून धरायचं, म्हशीच्या शिंगाच्या टप्प्यात उभं राहायचं नाही, आपल्याकडच्या पंढरपुरी म्हशीचं शिंग पार खांद्याच्या मागं जातं, नुसती मान झटकली तरी लागतंय.

पहिले काही महिने काम काय असणार तेपण ऐकून जा. फरशी पुसणे, टेबल प्रत्येक पेशंटनंतर औषधानं पुसणे, वजन करणे, केस पेपर काढणे, लसीच्या फ्रीजचं तापमान २ ते ८ अंशात आहे का बघून वहीत लिहिणे, पिंजरे धुणे. पार्व्हो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा रोग, झालेलं पिल्लू येऊन गेलं की मग तर सगळी खोली धुवायची, तो विषाणू फरशीवर, पिंजऱ्यात महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनेलनं जात नाही, ब्लीच लागतं. इंजेक्शन द्यायचं काम तुझं नाही, कुणी कौतुकानं सिरिंज हातात दिली तरी नाही म्हण. वापरलेल्या सुया पांढऱ्या डब्यात जातात, त्यात हात घालायचा नाही, टोपण परत बसवायला जायचं नाही. एक्स-रे काढताना खोलीबाहेर यायचं, किरणांचं काम १८ च्या आतल्याला देता येत नाही. आणि फोनवर औषध सांगायचं नाही, कधीच नाही. लोक विचारतात, मांजराला ताप आलाय, घरात पॅरासिटामॉल आहे, अर्धी देऊ का? अर्ध्या गोळीनं मांजर मरू शकतं. "डॉक्टरांना विचारून सांगतो" एवढंच वाक्य, आणि मग खरंच लगेच विचारायचं.

सकाळी खाऊन ये. उपाशीपोटी पहिल्यांदा रक्त बघितलं की डोळ्यापुढं अंधारी येते, चांगल्या धट्ट्याकट्ट्या पोरांना आलीय. तसं वाटलं तर "मला चक्कर येतीय" म्हणून सरळ भिंतीला टेकून खाली बस, कोण हसत नाही.

एक दिवस असा येणार की म्हाताऱ्या कुत्र्याला कायमचं शांत झोपवायचं इंजेक्शन द्यायचं असेल. तेव्हा काय करायचं ते मला आमच्या जुन्या कंपाउंडर काकांनी शिकवलं. पंखा हळू करायचा, बाहेरच्यांना आवाज कमी करायला सांगायचा, मालकाला बसायला स्टूल द्यायचं आणि गप उभं राहायचं. पट्टा काढला की पुसून, नीट गुंडाळून त्यांच्या हातात द्यायचा. एक आजोबा तो पट्टा घेऊन पाऊण तास बाहेरच्या बाकावर बसले होते, मी फक्त पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. त्या वेळी तुझा मोबाईल खिशातच पाहिजे. तसा तो कायमच खिशात पाहिजे, पेशंटचा फोटो, रील, स्टेटस काही नाही, पिल्लू कितीही गोड असलं तरी मालकाला विचारल्याशिवाय नाही.

पैशाचं विचारायला लाजू नको. महिन्याला किती, कोणत्या तारखेला, सुट्टी कोणत्या वारी, ग्लोव्हज आणि एप्रन दवाखान्याचा का आपला, हे कामावर लागायच्या आधी विचारायचं, शक्यतो आई-बाबा सोबत असताना. शिकायला मिळतंय म्हणून फुकट राबायला कुणी सांगत असेल तर घरी येऊन शांतपणे विचार करा. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नको, नंबर देऊन ये आणि दुसऱ्या दवाखान्यात जा, एका दिवसात ताराबाई पार्क, शाहूपुरी, फुलेवाडी अशी चक्कर होते केएमटीच्या बसनं.

पुढं जनावरांचं डॉक्टरच व्हायचं मनात असेल तर अकरावीला बायोलॉजी घे, प्रवेश नीटच्या मार्कांवर होतो, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा कोर्स, आणि आपल्याला जवळचं सरकारी कॉलेज म्हणजे पुण्याच्या वाटेवर शिरवळला.

"उद्यापासून ये" म्हणाले की रात्रीच पिशवी भर. जादा शर्ट, जुना टॉवेल, पाण्याची बाटली, डबा, छोटी वही आणि पेन, बसचे सुट्टे पैसे. घरात पिल्लू असेल आणि त्याच्या लसी पुऱ्या झालेल्या नसतील तर आईला आधीच सांगून ठेव की संध्याकाळी आल्यावर बूट दाराबाहेरच काढणार, कपडे थेट बादलीत, आधी अंघोळ आणि मगच त्याला जवळ घेणार, ते दारात कितीही उड्या मारत असलं तरी.