स्लीव्ह की बायपास: आधी आपली तक्रार बघा

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमची खानावळ आहे. दुपारची गर्दी ओसरली की गल्ल्यापाशी कुणीतरी घुटमळतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "ताई, तुम्ही नेमकं कुठलं केलासा? किती किलो उतरतात त्यात?"

स्लीव्ह आणि बायपास ही वजन उतरवायची पोटाची दोन ऑपरेशनं. किलोपासून सुरुवात केली की त्यांतली निवड भरकटते. किलो दोन्हींत उतरतात. स्लीव्हमध्ये एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा, बायपासमध्ये तीस टक्क्यांच्या आसपास, माणसागणिक कमी-जास्त. आपल्याला आधीपासून काय दुखतंखुपतं आणि पुढे जन्मभर काय पाळणं झेपणार आहे, यावरून ठरवायचं असतं. आमच्या घरात दोन्ही आहेत. माझी बायपास, धाकट्या भावजींची स्लीव्ह. डॉक्टर एकच. दोघांना वेगवेगळं का सुचवलं ते समजलं की तुमचंही अर्धं काम होईल.

आपण यात बसतो का?

वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये. उंचीला उंचीनं गुणा आणि वजनाला त्यानं भागा. मी पाच फूट एक इंच, म्हणजे १.५५ मीटर, आणि वजन ९६ होतं. उत्तर आलं ४०. हाच बीएमआय. १९९१ पासूनचा जुना नियम ४० चा होता, मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३५ चा. २०२२ मध्ये ही ऑपरेशनं करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो खाली आणला: ३५ असेल तर आजार नसला तरी चालेल, मधुमेह असेल तर ३० लाही विचार करावा, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांना २७.५ पासून. आपल्याकडे चरबी पोटावरच साठते आणि शुगर लवकर गाठते, म्हणून ही सवलत.

विमा कंपनी मात्र अजून जुन्याच आकड्यावर चालते. ४०, किंवा ३५ सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, आणि आधी इतर उपाय करून फरक पडला नाही याचे कागद. म्हणून आहारतज्ज्ञाकडच्या, जिममधल्या, डॉक्टरांकडच्या चिठ्ठ्या फेकू नका. पॉलिसीतला प्रतीक्षा काळही वाचून घ्या.

दोन ऑपरेशनं, दोन स्वभाव

दोन्ही दुर्बिणीतून होतात, पोटावर चार-पाच बारीक छिद्रं. आत मात्र सगळं वेगळं.

स्लीव्हमध्ये जठर उभं कापून केळ्याएवढी नळी ठेवतात आणि ७५ ते ८० टक्के भाग बाहेर काढून टाकतात. तो परत लावता येत नाही. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीचे महिने भूकच मरते. आतड्याला हात लागत नाही, त्यामुळे शोषणाच्या तक्रारी कमी. खोट एकच, पण मोठी: अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर येतं. आधीच ज्याला दोन उशा घेऊन झोपावं लागतं, त्याचं दुखणं यानं वाढू शकतं. कधी जळजळ माहीत नसलेल्यांनाही ती सुरू होते.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला ३० मिलीची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करतात. लहान आतडं कापून त्याचा खालचा भाग वर आणून तिला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न त्यातून जात नाही. आम्ल वर येणं बहुतेकांचं थांबतं. मधुमेहावर हिचा जोर जास्त, वजन उतरायच्या आधीच काही दिवसांत शुगर खाली येऊ लागते. पण लोह, कॅल्शियम, बी१२ पूर्वीसारखं शोषलं जात नाही. गोळ्या जन्मभर.

मला शुगर होती आणि पित्ताची जळजळ इतकी की रात्री अकरानंतर पाठ टेकायची सोय नव्हती. डॉक्टरांनी एंडोस्कोपी केली आणि सरळ बायपास सांगितली. भावजींना शुगर नव्हती, जळजळ नव्हती, पण गुडघे गेलेले. दुखणं थांबवायला दोन दिवसाआड गोळी लागायची. बायपासच्या जोडावर अशा गोळ्यांनी अल्सर होतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, त्याच जातीतलं सगळं बंद. कॉम्बिफ्लाममध्येही आयब्युप्रोफेनच असतं. चालते ती पॅरासिटामॉल. संधिवाताची ज्यांची गोळी सुटणारच नाही, त्यांचा कौल म्हणूनच बहुधा स्लीव्हकडे जातो.

आणि मिश्री. आपल्या भागातल्या बायकांना हे स्पष्टच सांगायला हवं, कारण डॉक्टर "स्मोकिंग करता का" विचारतात आणि आपण मान हलवून "नाही" म्हणतो. दात घासायची मिश्री ही तंबाखूच आहे. सांगा, आणि ऑपरेशनच्या आधी सोडा.

मिनी बायपास आपल्या देशात बरीच होते. पिशवी लांब, जोड दोनाऐवजी एकच, त्यामुळे वेळ कमी. शुगरला उत्तम. पण काहींना पित्तरस वर येतो, आणि आतडं जास्त लांबीचं वगळलं तर प्रथिनं कमी पडतात. शुद्ध शाकाहारी असाल तर आतडं किती सेंटिमीटर वगळणार, हे विचारल्याशिवाय सही करू नका. जठर वरून आवळणारा बँड आता जवळजवळ कुणी बसवत नाही. जठरात फुगवून ठेवायचा बलून साधारण सहा महिन्यांनी काढतात, वजन बहुतेकदा मागोमाग येतं. वजन उतरवायची सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइडची इंजेक्शनं आता मिळतात. आधी त्यावर बोलून बघायला हरकत नाही, फक्त ती थांबवली की बहुतेकांचं वजन परत चढतं हे धरून चाला.

पुणे-मुंबईला जायचं की इथंच करायचं? माझं मत रोखठोक आहे. रात्री दोनला पोटात कळ आली तर ज्याच्या दारात तासाभरात पोचता येईल, असा डॉक्टर हवा. मोठ्या शहरात केलंत तर निदान इथला एक सर्जन आधी भेटून ठेवा.

ऑपरेशनच्या आधी

साधारण दोन आठवडे कमी पिठूळ, जास्त प्रथिनांचा आहार देतात. यकृतावरची चरबी उतरते, ते आक्रसतं, आणि दुर्बिणीला वाट मिळते. "शेवटचं एकदा खाऊन घे" म्हणून पाहुणे मटणाचं जेवण घालतात ते याच दिवसांत. जाऊ नका. रक्तातलं लोह, बी१२, ड जीवनसत्त्व आधीच तपासून घ्या, आणि बायपास असेल तर जठरातल्या एच. पायलोरी जंतूचीही चाचणी.

रश्श्याच्या गावात कसं जेवायचं

आधी नुसतं पातळ, मग गाळलेलं, मग मऊ, मग नेहमीचं. घाई केली की टाके बोलतात. पातळाच्या दिवसांत मला अळणीनं तारलं. मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवायचं, पाणी गाळून फ्रिजमध्ये ठेवायचं. वर चरबीचा पांढरा थर धरतो तो चमच्यानं उचलून टाकायचा आणि खालचं कोमट करून घोट घोट प्यायचं. पांढरा रस्सा या वेळी नको, नारळाचं दूध, काजू, खसखस सगळी चरबीच आहे. तांबडा तर कित्येक आठवडे लांब. एवढं मात्र लक्षात ठेवा की अळणीनं जिभेला बरं वाटतं, प्रथिनं त्यात फार नसतात. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली पावडर ताकात किंवा दुधात घ्यावीच लागते.

दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं हा किमान आकडा. एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. बशीएवढ्या ताटात ते बसवायचं तर आधी अंडं, खिमा, मासा, पनीर, उसळ. भाकरी शेवटी, पोटात जागा राहिली तर. मटणाचे तुकडे धाग्यांमुळे अडकतात, खिमा जातो. मिसळीतली मटकी कट कमी घालून मला चालते. पाव अजून नाही, तो पिशवीत गोळा होऊन बसतो. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून उतरते. धारोष्ण दूध प्यायची हौस असेल तर जपून. कच्च्या दुधातून जंतू जातात, आणि बायपासनंतर दूधच कित्येकांना पचेनासं होतं.

जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तासही नाही. आपल्याकडे हे सगळ्यात अवघड, कारण रस्सा वाटी वाटीनं पिणं म्हणजेच जेवण. आता मी रस्सा मधल्या वेळी पेल्यातून घेते. घरच्यांना हसू येतं, येऊ दे.

गोडाचं वेगळं सांगते. बायपासवाल्यांच्या पोटात साखर एकदम आतड्यात उतरते. मग छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा, आडवं व्हावंसं वाटणं. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. गुऱ्हाळावर चमचाभर काकवी मला चालते, उसाच्या रसाचा ग्लास नाही. भावजींना स्लीव्हमुळे हा लगाम जवळजवळ नाही, आणि त्यांची पंचाईत तिथंच आहे. मटणाला पोट नको म्हणतं, पण भडंग, फरसाण, आइस्क्रीम सुरकन उतरतं. येता-जाता मूठ मूठ भडंग खाल्लं तर पोट कितीही लहान असो, वजन परत येतं. वर्ष-दीड वर्षानं उतरणं थांबतं, थोडं परतही चढतं. त्याआधीच चालणं आणि वजन उचलायचा व्यायाम अंगी लावून घ्या. रंकाळ्याची एक फेरी हा माझा नेम.

नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास माझ्या सासूबाईंनी कधी चुकवला नाही. मी अंबाबाईला हात जोडून सांगितलं आणि सोडला. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच. धरायचाच असेल तर दूध चालत असल्यास दूध, दही, पनीरवर, आणि गोळ्या न चुकवता.

गोळ्यांत कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास ठेवा. लोहावर चहा नको. बायपासवाल्यांना कॅल्शियम सायट्रेट बरं पडतं. शुगर-बीपीच्या जुन्या गोळ्या घरी आल्यावर आधीच्याच डोसनं सुरू करू नका, शुगर धाडकन उतरू शकते. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून बहुतेकदा सहा महिने आणखी एक गोळी देतात.

कधी धावायचं

पहिल्या दिवसांत नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात कळ, धाप: जोड किंवा शिवण गळत असू शकते. पोटरी सुजून दुखली तर रक्ताची गुठळी. उलट्या थांबतच नसतील तर बी१ जीवनसत्त्व कमी पडतं, मग दोन-दोन दिसतं, तोल जातो. अशा वेळी बी१ दिल्याशिवाय ग्लुकोजची सलाइन लावू नये, हे गावाकडच्या डॉक्टरांना स्वतः सांगा. बायपासनंतर अनेक वर्षांनीही अचानक कळा आल्या तर आतडं आत अडकलेलं असू शकतं, सीटी स्कॅन करून घ्या. आणि कुठल्याही दवाखान्यात "बायपास झालीय" म्हणालात तर छातीची समजतात. "पोटाची" म्हणा, कागद दाखवा.

केस तिसऱ्या महिन्यापासून कंगव्यात येतात, सहा-सात महिन्यांनी परत उगवू लागतात. दंडाची, पोटाची कातडी लोंबते. पावसाळ्यात तिच्या घडीत पुरळ येतं, कोरडी ठेवा. दारू दोन्हींनंतर पटकन चढते. तरुण मुलींनी दीड वर्ष तरी दिवस जाऊ देऊ नयेत. वजन उतरलं की पीसीओडी असलेल्यांनाही दिवस राहतात, आणि बायपासनंतर नुसत्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही.

पहिल्या वर्षी दर तीन-सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा रक्त: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच, अल्ब्युमिन. मी दसरा झाला की देऊन टाकते. खानावळीला तेव्हा जरा उसंत असते आणि तारीख लक्षात राहते.