पहिला सहभागी येण्याआधी

बडोद्यातल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं देवनागरी आणि गुजराती दोन्ही लिप्या वाचतात; एकीला शिरोरेषा, दुसरीला नाही. शब्द क्षणभर दाखवून कोणत्या लिपीतला लवकर ओळखू येतो हे पाहायचं, तर दांडिया बाजारातून पहिला सहभागी निघायच्या आत संगणक तयार हवा.

आधी रिफ्रेश रेट बघा, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र नव्यानं काढतो ते; अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. त्यावर शब्द ५० मिलिसेकंद दाखवता येतो, कारण त्या तीन फ्रेम झाल्या. ४० दाखवता येत नाही, प्रोग्राममध्ये काहीही लिहिलं तरी. म्हणून कालावधी फ्रेममध्येच ठरवा. व्ही-सिंक (चित्र मॉनिटरच्या फ्रेमबरोबरच बदलायला लावणारी सोय) चालू, खिडकी पूर्ण स्क्रीनभर, दुसरा मॉनिटर काढलेला. नोटिफिकेशन, अपडेट, नाइट लाइट, आपोआप बदलणारा ब्राइटनेस, सगळं बंद. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला.

शब्दांची चित्रं आधीच करून मेमरीत भरून ठेवा. ऐनवेळी फाइल उघडली की फ्रेम हुकते, आणि दुसऱ्या संगणकावर फाँट नसला तर जोडाक्षरं फुटतात. शिरोरेषेमुळे देवनागरी शब्दात काळे पिक्सेल जास्त पडतात, तेही मोजून ठेवा. नाहीतर फरक लिपीचा की काळेपणाचा, हे सांगता येणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सॉफ्टवेअरच्या नोंदीवर थांबू नका, स्क्रीनवरचा उजेड मोजा. शब्दाबरोबर लखलखणारा छोटा पांढरा चौकोन कोपऱ्यात ठेवा, त्यावर फोटोडायोड, म्हणजे उजेड टिपणारा छोटा सेन्सर, चिकटवा, तार ऑसिलोस्कोपला, म्हणजे विजेचे चढउतार वेळेनुसार दाखवणाऱ्या यंत्राला, जोडा. माझ्या नोंदीत तीन फ्रेम होत्या, डायोडवर चार दिसल्या; अकरा जणांची माहिती टाकून द्यावी लागली, फार वाईट वाटलं. चौकोन वरच्या कोपऱ्यात असेल तर हेही लक्षात असू द्या की चित्र वरून खाली उमटतं. ६० हर्ट्झला मधला शब्द त्याच्यानंतर सुमारे ८ मिलिसेकंदांनी दिसतो.

मॉनिटर अर्धा तास आधी सुरू करा. पिक्सेलच्या मूल्यावरून प्रत्यक्ष उजेड किती पडतो हे ठरवणारा घातांक म्हणजे गॅमा; तो २.२ असेल तर २५५ पैकी १२८ या मूल्याला उजेड निम्मा नसतो, जेमतेम पंचमांश असतो. राखाडी रंग ल्युमिनन्स मीटरने, म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजणाऱ्या उपकरणाने, ठरवा. डोळे स्क्रीनपासून ५७ सेंटीमीटरवर ठेवले की स्क्रीनवरचा १ सेंटीमीटर म्हणजे डोळ्याशी होणारा १ अंशाचा कोन, हिशेब सोपा. हनुवटीला टेकू द्या. उत्तराचं बटण दाबायला कीबोर्ड सगळ्यांना एकच.

नवरात्रात कुणाला बोलावू नका. रात्री उशिरापर्यंत गरबा खेळून आलेल्याचं बोट सकाळी संथच चालतं.